भूगोल कुणाच्या पायाखालचा?

शाळेला सुट्टी लागली की आयांना नवीन काम लागतं. आमच्या ब्रह्मपुरीत एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो. पोरं दुपारभर घरात कोंडलेली. मग वडील म्हणतात, "रिकामी बसली आहेत, जरा भूगोल तरी करून घे त्यांचा." स्वयंपाक, पाणी, वाळवणं, सासू-सासऱ्यांची औषधं यांत आता भूगोलाची भर. हे काम आईच्याच गळ्यात का, हा प्रश्न आहेच आणि तो मी सोडून देणार नाही. पण बाई शिकवायला बसलीच, तर ती काय शिकवते तेही एकदा पाहू.

बहुतेक घरांत पुस्तक उघडून पाठांतर सुरू होतं. सीमा, नद्या, पिकं, खनिजं. अनेक वर्षं आपल्याकडे तिसरीला स्वतःच्या जिल्ह्याचा भूगोल असे. जवळून दूर जायचं, ही कल्पना मुळात चांगलीच. पण त्या पाठांतराची भाषा कशी असते पाहा. जिल्ह्यात धान पिकतो. जंगलात मोह आणि तेंदू मिळतो. पिकतो, मिळतो! वाक्यात माणूसच नाही. आषाढात दिवसभर चिखलात ओणवी राहून पऱ्हे लावणारी बाई त्या वाक्यात कुठेच नाही. मोहफूल पहाटे गळतं आणि उजाडायच्या आत टोपली घेऊन झाडाखाली पोचावं लागतं, हेही नाही. तेंदूची पानं तोडून आणायची, घरी बसून ७०-७० पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी मोजून द्यायचे, यात घरातली शाळकरी मुलगीही असते. तिची उन्हाळी सुट्टी ती हीच.

गटाच्या बैठकीत बायांना विचारलं की त्या हसून म्हणतात, "आम्हाला कुठला भूगोल येतो, ताई?" मग बोलता बोलता कळतं की कोणत्या बोडीचं पाणी कोणत्या महिन्यात आटतं, कोणती बांधी खोलगट, सरपण कुठल्या बाजूला राहिलं आहे, हे सगळं त्यांना तोंडपाठ आहे. याला भूगोल म्हणतात हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही, एवढंच.

वैनगंगेचंच घ्या. मुलाला नदीचं नाव आणि उगम पाठ असतो: मध्य प्रदेशातला शिवनी जिल्हा. पुढे ती वर्धेला मिळते, दोघींची प्राणहिता होते आणि सिरोंचाजवळ गोदावरीत जाते. ठीक. पण ऑगस्ट २०२० च्या अखेरीस ब्रह्मपुरी तालुक्यातली नदीकाठची गावं पाण्याखाली गेली ती का, हे त्याच मुलाला विचारा. पाऊस पडला तो वर मध्य प्रदेशात. तिकडच्या संजय सरोवरातून पाणी सुटलं, इकडे गोसीखुर्दचे दरवाजे उघडले आणि पूर आमच्या दारात आला. नदीच्या वेढ्यातलं लाडज गाव तर बेटच झालं. नदी वरून खाली येते, धरण मध्ये असतं, आणि दरवाजा उघडणारा माणूस आपल्याला दिसत नाही. आठ वर्षांच्या मुलाला हे नीट समजतं. अंगणात ओल्या मातीची नदी करून वरून तांब्याभर पाणी ओता, मध्ये विटेचं धरण ठेवा. धान्य, चूल, लेकरं उंचावर कुणी हलवली, हेही त्याच वेळी सांगा.

आता जरा नाजूक गोष्ट. वस्त्यांवर मी मुलांना आपापल्या गावाचा नकाशा काढायला लावते. नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या नकाशात तलाव, मैदान, रेल्वे स्टेशन, मामाच्या गावाचा रस्ता असतो. त्याच वयाच्या मुलीच्या नकाशात घर, हातपंप, शाळा आणि किराणा दुकान. कागद सारखाच, मुलीचा अर्धा कोरा. तिला जग पाहायची हौस नाही असं नाही. तिला "कुठं चाललीस?" हे पावलोपावली विचारलं जातं, त्याला नाही.

यावर लोक वाघाचं कारण देतात. ते खोटं नाही. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. पण पोट आहे म्हणून बाया जंगलात जातच राहणार, आणि उद्या आजची मुलगीही जाईल. तिला घरात ठेवून जंगल कळणार नाही. वाट, ओढा, झाडोरा, पाणवठा कुठे आहे हे मोठ्यांच्या सोबतीने, दिवसाउजेडी पाहूनच कळेल.

शाळा मुलांमागे जाऊ शकते, हे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला फार पूर्वी दाखवलं. गुरं राखणारी पोरं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी कुरणशाळा काढली. घरचा अभ्यास चटईवरून अंगणात नेणं त्या मानाने सोपं आहे.

माझा आग्रह नकाशावर आहे, त्याला कारण आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला सामूहिक हक्क मागता येतो. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने तो २००९ मध्ये मिळवला. दाव्यासाठी गावाची पारंपरिक हद्द दाखवावी लागते: सरपणाची जागा, पाणवठे, मोहाची झाडं. वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश बायका असाव्यात असा नियम आहे. त्या असतातही, सह्या करायला. नकाशाचा कागद मात्र पुरुषांच्या घोळक्यात पसरलेला असतो आणि ज्या रोज त्या वाटेने जातात त्या मागे उभ्या. आठव्या वर्षी कोळशाने अंगणात नकाशा काढलेली मुलगी तिशीत मागे उभी राहील असं मला वाटत नाही.

तेव्हा सकाळी आठच्या आत, ऊन चढण्याआधी, मुलगा-मुलगी दोघांनाही बाहेर काढा. आणि भूगोलाची एवढी काळजी असलेल्या बाबांनी मुलीला सायकलवर बसवून वडशाच्या पुलापर्यंत न्यावं. पलीकडचा गडचिरोली जिल्हा दाखवावा. १९८२ पर्यंत दोन्ही तीर एकाच जिल्ह्यात होते हे सांगावं. जिल्ह्याच्या ठिकाणी काम निघालं तर इथल्या बाईला अजूनही शंभरावर किलोमीटर चंद्रपूर का गाठावं लागतं, तेही सांगावं. तेवढ्या वेळात आईला चहा निवांत पिता येईल.