बेसबॉलची पेठ कुठली?
कोल्हापूर जिल्ह्यातल्या हुपरीत चांदीचा एक पैंजण बाजारात जाण्याआधी कितीतरी घरं फिरतो. कुणी तार ओढतं, कुणी जोड देतं, कुणी घुंगरू बसवतं. खेळही असा घरोघरी फिरला तरच गावाचा होतो, आणि बेसबॉलचं घोडं नेमकं तिथंच अडलंय. आपल्याकडं शालेय स्पर्धांच्या यादीत तो आहे, पण प्रमाणपत्र हातात पडलं की पोरांचे हातमोजे कपाटात जातात. खुद्द अमेरिकेतही प्रेक्षक कंटाळले, म्हणून २०२३ साली गोलंदाजापुढं घड्याळ लावलं: तळ (बेस) रिकामे असतील तर १५ सेकंदांत चेंडू टाक! सामने साधारण २४ मिनिटांनी लवकर आटोपू लागले. (आमच्या कबड्डीची चढाई मुळातच ३० सेकंदांची, असो.) पण नुसत्या घड्याळानं काय होतंय? कोल्हापूरचा फुटबॉल बघा. क्रिकेटचा १९८३ चा विश्वचषक आला, २००८ ला आयपीएल आली, तरी शाहू स्टेडियम ओसाड पडलं नाही. कारण पाटाकडील, खंडोबा, दिलबहार हे संघ नंतर, आधी त्या पेठेपेठेतल्या तालमी. जर्सीचा रंग म्हणजे पेठेची इज्जत. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट आणि बेसबॉल दोन्ही आहेत, पण त्याची वाट बघण्यापेक्षा हुपरी विरुद्ध रेंदाळ, हुपरी विरुद्ध पट्टणकोडोली असे शेजारगावांचे सामने यात्रेत लावा. फक्त मैदान उसाच्या फडाला लागून नको. होम रन बसला तर चेंडू थेट कारखान्याच्या गळितातच सापडायचा.