मोडणे आणि उकलणे

मुलाने एखादे खेळणे उघडले, की घरातील वडीलधारी माणसे ‘मोडलेस ना अखेर!’ असे म्हणून मोकळी होतात. परंतु मोडणे आणि उकलणे या दोन क्रिया एक नव्हेत. मोडणारा वस्तूवर नुसते बळ चालवितो. उकलणारा तिच्या रचनेचा शोध घेतो आणि काढलेला प्रत्येक भाग पुन्हा कोठे बसवावयाचा, हे ध्यानात ठेवतो. गाठ सोडविणे आणि कोडे सोडविणे या दोहोंनाही आपली भाषा ‘उकलणे’ म्हणते. खेळण्याची दुरुस्ती हेही असेच एक कोडे होय. म्हणून माझे असे मत आहे की, खेळणी उकलता येतील अशीच घडविली जावीत, आणि ती नीट उकलण्याची विद्या मुलांनी शिकून घ्यावी.

हात, पाय व मान हलविता येणाऱ्या लढवय्या बाहुल्यांचे उदाहरण घेऊ. १९६४ साली अमेरिकेतील हॅसब्रो या कंपनीने ‘जी. आय. जो’ नावाचा सुमारे बारा इंच उंचीचा सैनिक बाजारात आणला. मुलगे ‘बाहुली’ विकत घेणार नाहीत, अशी शंका वाटून तिने त्याला ‘ॲक्शन फिगर’ असे नवे नाव दिले. १९८२ साली हाच सैनिक पावणेचार इंचांचा होऊन पुन्हा अवतरला, आणि पुढे फनस्कूल कंपनीमार्फत भारतातील मुलांच्याही हाती आला. या छोट्या सैनिकाची घडण पाहण्यासारखी आहे. त्याच्या पाठीवर एकच स्क्रू असतो. तो काढला की छाती आणि पाठ हे दोन भाग अलग होतात. आत रबराचे एक लहानसे कडे असते. तेच धड आणि पाय ताणून एकत्र धरते. काही वर्षांनी हे रबर वाळते, तुटते, आणि आपला शूर सैनिक कमरेतून दुभंगतो. पाहणाऱ्यास वाटते, याचे आयुष्य सरले! वास्तविक त्याचे सर्व अवयव धड असतात. स्क्रू काढावा, नवे कडे घालावे, स्क्रू परत बसवावा; सैनिक पुन्हा उभा राहतो.

आता दुसरे बाहुले पाहा. १९७८ साली केनर कंपनीने ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटातील पात्रांची बाहुली विकावयास काढली. त्यांची उंचीही साधारण तेवढीच. परंतु त्यांच्या पाठीवर स्क्रू नाही. धडाचे दोन्ही अर्धे कारखान्यातच कायमचे एकजीव केलेले, आणि हातापायांची मुळे त्यांच्यामध्ये अडकलेली. यांपैकी एखाद्याचा हात तुटला तर नवा हात बसविण्यास वाटच उरत नाही. एका स्क्रूच्या अभावी बाकीचे सारे धडधाकट बाहुले निरुपयोगी ठरते. हा अन्याय बाहुल्यावर तर आहेच, पण त्याहून अधिक तो त्याच्या धन्यावर आहे.

कारखानदाराचीही एक बाजू आहे, आणि ती ऐकून घेतली पाहिजे. स्क्रू बसविण्यास वेळ लागतो व मजुरी पडते. याउलट, यंत्राने सेकंदाला सुमारे २०,००० कंपने दिली, की प्लॅस्टिकचे दोन तुकडे घर्षणाच्या उष्णतेने क्षणार्धात वितळून एकमेकांत मिसळतात. गोंदही लागत नाही. शिवाय, बंद खेळण्यातून सुटा भाग निघून लहान बालकाच्या घशात अडकण्याचे भय कमी होते. हा मुद्दा क्षुल्लक नव्हे. भारतातही १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर भारतीय मानक चिन्ह असणे बंधनकारक झाले आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु सुरक्षिततेसाठी वस्तू कायमची बंदच केली पाहिजे, असे नाही. बटणाएवढी बॅटरी असलेल्या खेळण्याचा कप्पा हत्याराविना उघडता कामा नये, असा नियम आहे. तेथे कप्पा स्क्रूने बंद करतात. तो बालकाच्या बोटांनी उघडत नाही, मोठ्यांच्या स्क्रू ड्रायव्हरने मात्र उघडतो. जे बॅटरीच्या बाबतीत साधते, ते मोठ्या मुलांच्या बाहुल्याच्या बाबतीत का साधू नये?

सांधा चिकटविणेही सर्वस्वी वाईट नव्हे. कशाने चिकटवावे, याला महत्त्व आहे. व्हायोलिन तयार करणारे कारागीर त्याची वरची फळी सरसाने चिकटवितात. सरस घट्ट धरतो. परंतु ओलावा व ऊब देऊन पातळ सुरी हलकेच सरकविली की तो लाकडाला फारशी इजा न करता सांधा सोडतो. हे वाद्य केव्हातरी उघडावे लागणार, हे कारागीर प्रथमपासून जाणून असतो. इटलीतील क्रेमोना येथे स्ट्रॅडिव्हरीने घडविलेली व्हायोलिने तो १७३७ साली निवर्तल्यानंतर आजतागायत वाजत आहेत, याचे एक कारण हेच की ती वेळोवेळी उघडून दुरुस्त करता आली.

मग जी खेळणी आधीच चिकटवून बंद केलेली आहेत, त्यांचे काय करावे? घाई करू नये, हा पहिला नियम. सांधा कशाचा आहे, ते आधी ओळखावे. मस्तक नुसत्या खुंटीवर बसविलेले असेल व प्लॅस्टिक मऊ जातीचे, म्हणजे पीव्हीसी असेल, तर गरम पाण्यात काही वेळ ठेवल्यावर ते नरम होऊन निघते. एबीएस नावाचे कठीण प्लॅस्टिक मात्र अशा पाण्याला सहसा दाद देत नाही. झटपट चिकटणारा सायनोॲक्रिलेट जातीचा गोंद थंडीत ठिसूळ होतो. म्हणून जाणकार असे बाहुले बर्फाच्या कप्प्यात ठेवून मग सांधा हलवून पाहतात. ॲसिटोनने हा गोंद विरघळतो खरा, पण एबीएसही विरघळते. तेव्हा उपायच अपाय होऊन बसतो. आणि जेथे प्लॅस्टिकच एकजीव झाले आहे, तेथे सांध्याच्या रेषेवरून पातळ पात्याने कापण्यावाचून गत्यंतर नाही. गरम पाणी, पाते आणि रसायने ही कामे मोठ्या माणसांच्या हातची आहेत. मुलांनो, तुमचे काम निरीक्षणाचे: उघडण्यापूर्वी चित्र काढावे, निघालेला प्रत्येक भाग क्रमाने वाटीत ठेवावा. इतके होऊनही एखादा सांधा उकलला नाही, तर थांबावे. थांबणे हाही या विद्येचाच भाग आहे.

काही मुलांना दुरुस्तीपेक्षा रूपांतर अधिक आवडते. ती एका बाहुल्याचे मस्तक दुसऱ्याच्या धडावर बसवितात, त्याला नवा रंग देतात. त्यातही कल्पकता आहे. मात्र दोन बंधने पाळावीत. खेळणे स्वतःचे असावे, आणि बंद करताना आपणच त्यात एक स्क्रू किंवा सुटणारी खुंटी योजावी. ज्या गोष्टीबद्दल आपण कारखानदारास दोष देतो, तीच आपण करू नये.

भारत सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली. तिने प्रथम शेतीची अवजारे, भ्रमणध्वनी, घरगुती उपकरणे व वाहने यांकडे लक्ष दिले. खेळण्यांची त्यांत गणना नव्हती. ती व्हावयास हवी. ज्या मुलाने आपला मोडका सैनिक स्वतःच्या हाताने उभा केला आहे, ते मूल मोठेपणी सायकल किंवा पाण्याचा पंप बिघडला असता हताश होऊन बसणार नाही. ते आधी विचारील, ‘हे उघडते कोठून?’