होडी बुडते पाण्यात, पण चूक होते काठावर!

सबमिशन्स संपली आणि आम्ही हॉस्टेलची बारा पोरं वासोट्याला निघालो. पहाटे बामणोलीला पोचलो. समोर कोयनेचा शिवसागर, पाण्यावर धुकं, प्रत्येकाच्या हातात मोबाईल. होडीत चढताना पुढची जागा पकडायची घाई! सहा-सात जण एकदम एका बाजूला गेलो, होडी कलली आणि आमच्यातला एकजण थेट कमरेएवढ्या पाण्यात. सगळे पोट धरून हसलो. हसला नाही तो फक्त नाववाला. एवढंच म्हणाला, "पोरांनो, हितं पडला म्हणून हसताय. मधी पडला असता तर?"

ते वाक्य काही डोक्यातून जाईना. कारण आपल्या भागाने हे 'मधी पडणं' पाहिलेलं आहे. ८ ऑगस्ट २०१९. पलूस तालुक्यातलं ब्रह्मनाळ. कृष्णा आणि येरळेच्या पुराने गावाला वेढा घातलेला. माणसं बाहेर काढणारी होडीच उलटली. त्या एका होडीत तीसच्या आसपास माणसं होती. दहाहून अधिक गेली. त्यात बायका होत्या, लहान मुलं होती. वाचवायला आलेल्या होडीने माणसं जावीत, यापेक्षा वाईट काय असू शकतं?

आपण म्हणतो, 'नदीने घात केला'. मित्रहो, मला हे पटत नाही. होडीत किती जण बसणार, कोण कुठे बसणार, जॅकेट घातलं की नाही, इंजिन तपासलं की नाही, आत्ता निघायचं की थांबायचं, हे सगळं काठावर ठरतं. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या जलाशयात वादळी वाऱ्यात होडी उलटून सहा जण गेले. तिथे महापूर नव्हता, मोठी गर्दीही नव्हती. तरी प्रश्न तोच, आभाळ बघून 'आत्ता नाही' म्हणायचा अधिकार काठावर कोणाला आहे?

आता थोडं आपल्या भाषेत बोलू. समजा, होडीचं पाण्याच्या पातळीवरचं क्षेत्रफळ ८ चौरस मीटर आहे. म्हणजे ती १ सेंटिमीटर खाली जायला साधारण ८० किलो वजन पुरतं. ६५ किलोची दहा माणसं जास्त चढली की होडी ८ सेंटिमीटर आणखी बुडाली. काठ पाण्याच्या वर वीतभरच राहिला असेल, तर उरलं काय? त्यात माणसं उभी राहिली की गुरुत्वमध्य वर जातो आणि होडी जरा कलली तरी सावरत नाही. आर्किमिडीज आपण अकरावी-बारावीत घोकला, वायवाला सांगितला आणि विसरलो!

हा धडा जगाने फार पूर्वी गिरवलाय. इंग्लंडमध्ये मालक जहाजं गच्च भरून पाठवत आणि खलाशी बुडत. सॅम्युएल प्लिम्सोल या खासदाराने पार्लमेंटमध्ये रान उठवलं आणि १८७६ साली जहाजावर भाररेषा काढणं सक्तीचं झालं. गंमत म्हणजे ती रेषा कुठे काढायची हे आधी मालकावरच सोडलं होतं! ते कायद्याने ठरायला १८९० उजाडलं. ज्याला घाई आहे त्याच्या हातात रेषा द्यायची नसते, एवढं यातून कळतं.

मग आपण काय करायचं? माझ्या मते तीन गोष्टी.

पहिली, होडी लावायच्या जागा. सांगलीत आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका पातळी. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. एवढ्या पुरात घाट स्वतःच पाण्याखाली असतो. मग होडी लागते कुठल्या तरी बोळाच्या तोंडाशी, चिखलात, विजेच्या खांबाजवळ. प्रत्येक पातळीला होडी नेमकी कुठे लावायची, तिथे उतार किती, खाली तार किंवा कुंपण आहे का, हे गावागावात आधीच ठरवून रंगवून ठेवता येईल. सिव्हिलवाल्यांनो, दरवर्षी सर्व्हे कॅम्पला त्याच त्या मैदानाचा नकाशा काढण्यापेक्षा एकदा नदीकाठचं गाव घ्या ना!

दुसरी, होडीवर भाररेषा आणि माणसांचा आकडा. मेकॅनिकलच्या पोरांना हे एका दुपारचं काम आहे. माप घ्या, हिशेब करा, सरांकडून तपासून घ्या, ठळक रंगात लिहा.

तिसरी आणि सगळ्यात अवघड, काठावर एक माणूस. तो नाववाला नको, होडीत बसणाराही नको. जॅकेट बांधून, मोजून, एकेकाला बसवणारा आणि आकडा भरला की हात आडवा धरणारा. आणि याची तालीम मे महिन्यात हवी. तहान लागल्यावर विहीर खणून चालत नाही.

कोणी म्हणेल, पाणी दारात आल्यावर रांग कोण लावणार? खरं आहे. मागे राहिलेल्या आईला 'पुढच्या फेरीत या' म्हणणं सोपं नाही. म्हणूनच ते एकट्या नाववाल्याच्या जिवावर सोडू नये. त्याच्या पाठीशी रंगवलेली रेषा असली, गावाने आधी मान्य केलेला आकडा असला, तर तो 'नाही' म्हणू शकेल. दोन फेऱ्यांना उशीर होईल, पण होडी परत येईल.

२००५, २००६, २०१९, २०२१... पूर पुन्हा येणार आहे. दरवेळी आपण हॉस्टेलवरून मदत गोळा करतो, बिस्किटांचे पुडे आणि कपडे पाठवतो. ते करूच. पण यंदा पावसाळ्याआधी एक टेप, एक लेव्हल आणि रंगाचा एक डबा घेऊन जाऊया का? कोण कोण येणार, बोला!