विश्लेषण : वायुगळती कुठवर पोहोचेल, हे संगणक सांगू शकतो का?

रत्नागिरी तालुक्यातील जयगड येथे 12 डिसेंबर 2024 रोजी झालेल्या वायुगळतीचा त्रास होऊन लगतच्या शाळेतील अनेक विद्यार्थ्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. अशा प्रकल्पांपासून वस्ती किती दूर हवी, हे ठरवताना संगणकीय प्रारूपांचा आधार घेतला जातो. ती नेमके काय सांगतात?

छिद्राजवळ काय घडते?

आतला दाब बाहेरच्या सुमारे दुप्पट असला तरी वायू छिद्रातून ध्वनीच्या वेगाने निघतो. नैसर्गिक वायूसाठी हा वेग सेकंदाला 400 मीटरच्या घरात. दाभोळहून निघणाऱ्या वायुवाहिनीसारख्या वाहिन्यांत दाब वातावरणाच्या कित्येक पट असतो. त्या वायूच्या लेखी बाहेरची हवा जवळपास निर्वातच. झोत बाहेर पडताच फुगतो, आणखी वेग घेतो आणि छिद्राच्या व्यासाच्या काही पट अंतरावर धक्कालहरीत एकदम मंदावतो. एवढ्याशा जागेसाठी संगणकाला मिलिमीटरच्या चौकटी लागतात, गावासाठी किलोमीटरचा परिसर. म्हणून हा टप्पा सहसा सूत्राने उरकून प्रारूप त्यापुढून सुरू करतात. खऱ्या निर्वातात, उदाहरणार्थ चंद्रावर उतरणाऱ्या यानाच्या झोतात, वायू इतका विरळ होतो की प्रवाहाची नेहमीची समीकरणेही पुरत नाहीत. तेथे रेणूंच्या टकरींचा हिशेब मांडावा लागतो.

जयगडचे प्रकरण वेगळे कसे?

तेथे चर्चेत आलेले इथाइल मरकॅप्टन हे घरगुती गॅसला वास देणारे रसायन. ते सुमारे 35 अंश सेल्सिअसला उकळते, म्हणजे कोकणातल्या उन्हात त्याची वाफ व्हायला फार वेळ लागत नाही. येथे जोरदार झोत नसतो, तर हवेच्या दुपटीहून जड वाफ जमिनीलगत सरकते. सोपी प्रारूपे जमीन सपाट धरतात. जयगडला सडा आहे, उतार आहेत, खाडी आहे. दिवसा वारा समुद्राकडून, रात्री बहुधा उलट. यातले काहीच न धरता नकाशावर काढलेले वर्तुळ दिसायला नेटके, पण फसवे.

ग्रामस्थांना हे कळते का?

भोपाळ दुर्घटनेनंतर आलेल्या 1989 च्या घातक रसायनविषयक नियमांनुसार प्रकल्पाबाहेरचा आपत्कालीन आराखडा जिल्हा प्रशासनाने करायचा आणि त्याची वर्षातून एकदा रंगीत तालीम घ्यायची असते. धोक्याच्या टापूतील लोकांना अपघाताचे स्वरूप आणि त्या वेळी काय करावे, हे सांगण्याची जबाबदारीही नियमांतच आहे. वारा कोणत्या दिशेचा असताना कोणत्या वाटेने मुलांना बाहेर न्यायचे, हे शाळेच्या फलकावर लिहिलेले असेल, तरच त्या आकडेमोडीचा उपयोग.