वॅट किती ते सांगा

प्रवेशाच्या कॅप राउंडच्या याद्या लागल्या की आमच्या हॉलमध्ये एक गादी कायमची अंथरलेली असते, हे या सदराच्या वाचकांना नवीन नाही. यंदा त्या गादीवर माझा बार्शीचा भाचा आहे. मेकॅनिकलला नंबर लागला, फी भरून झाली, आता लॅपटॉप. तो गेमिंगचाच हवा, हे त्याने वडिलांना तोंडावर सांगितलं, याचं मला फार कौतुक वाटलं. बहुतेक मुलं ‘कोडिंगला लागतो’ म्हणून वेळ मारून नेतात. माझा भाऊ एसटीत कंडक्टर आहे. सोसायटीतून कर्ज काढून त्याने सत्तर हजार बाजूला ठेवले आणि मला फोनवर एवढंच म्हणाला, “ताई, खेळू दे त्याला. पण पैसे पाण्यात जाऊ देऊ नकोस.”

म्हणून शनिवारी मी भाच्याबरोबर एका मोठ्या शोरूममध्ये गेले, आणि तेव्हापासून माझं डोकं तापलेलं आहे.

टेबलावर शेजारी शेजारी दोन लॅपटॉप होते. दोन्हींवर एकच स्टिकर, आरटीएक्स ४०५०. किमतीत मात्र साताठ हजारांचा फरक. सेल्समन म्हणाला, “सेमच आहे मॅडम, स्वस्तातला घ्या.” मी विचारलं, “या ग्राफिक्सला वॅट किती मिळतात?” त्याने चार्जर उलटा केला, त्यावरचं वाचलं आणि सांगितलं, “दोनशे.” मी म्हटलं, चार्जरचे नव्हे, ग्राफिक्स चिपचे. त्यावर त्याने दुसऱ्याला हाक मारली, दुसऱ्याने तिसऱ्याला. तिघांपैकी एकालाही उत्तर देता आलं नाही, आणि याच मजल्यावर दिवसभर लॅपटॉप विकले जातात.

मुद्दा साधा आहे. लॅपटॉपमधली ४०५० चिप ३५ वॅटवरही चालते आणि ११५ वॅटवरही. किती द्यायचे हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते, कारण जेवढे वॅट तेवढी उष्णता, आणि ती बाहेर काढायला पंखे आणि जाडी लागते. कमी वॅटची ४०५० चांगल्या वॅटच्या ४०५०च्या बरीच मागे पडते, स्टिकर मात्र तोच. २०२१ साली एनव्हिडियाने लॅपटॉप कंपन्यांना हा आकडा वेबसाइटवर द्यायला सांगितलं होतं. वेबसाइटवर शोधलं तर तो बहुतेक वेळा सापडतोही. दुकानातल्या पाटीवर तो का नसावा? जिथे माणूस पैसे मोजतो तिथेच तो हवा. नावांचा घोळ तर याहून वाईट. आरटीएक्स २०५० हे नाव वाचून वाटतं की ती २० मालिकेतली चिप असेल. आत आहे ३० मालिकेची रचना, तीही फक्त चार जीबी मेमरीची. नवे खेळ चार जीबीत गुदमरतात. सत्तर हजार कर्जाऊ आणलेल्या घराने हे सगळं पाठ करून दुकानात जावं, अशी अपेक्षा कोणी कशी करू शकतं?

भाचा मात्र तयारीने आला होता. त्याने डेमो मशिनवर एनव्हिडियाचं कंट्रोल पॅनेल उघडलं, त्यात सिस्टिम इन्फर्मेशन, आणि ‘मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर’ या ओळीवर बोट ठेवलं. मग टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचं पान उघडून म्हणाला, “आत्या, हे बघ. दोनातला एकच स्लॉट भरलाय.” रॅमची एकच पट्टी असली की तिच्यापर्यंत जायचा रस्ताही एकच. दोन पट्ट्या लावल्या की रस्ता दुप्पट रुंद होतो आणि बऱ्याच खेळांमध्ये मधूनमधून अडकणं कमी होतं. हे मला तो समजावत होता तोवर मॅनेजर आले आणि म्हणाले, डेमो पीसला हात लावायचा नाही.

साडी घेताना दुकानदार घडी मोडून पदर दाखवतो, उजेडात नेऊन दाखवतो. सत्तर हजारांच्या यंत्राच्या पोटात काय आहे हे बघायला मनाई! पोराने काही बिघडवलं नव्हतं. कंपनीनेच दिलेल्या दोन खिडक्या उघडून त्याने स्वतःच्या बापाच्या पैशांची चौकशी केली होती. मी मॅनेजरना हे असंच्या असं सांगितलं. त्यांनी पाणी मागवलं, पण मशिन बंदच केलं.

मग त्यांनी तिसरा लॅपटॉप पुढे केला. “मॅडम, तो फाइव्ह आहे, हा सेव्हन आहे.” प्रोसेसर होता रायझन ७ ७४३५एचएस. चिप ताकदीची आहे, पण तिच्यात स्वतःचं ग्राफिक्स नाही. साधी पीडीएफ वाचायची तरी मोठी ग्राफिक्स चिप जागी ठेवावी लागते, आणि बॅटरी भराभर उतरते. घरी टेबलावर कायम प्लगला लावून खेळणाऱ्यासाठी हा सौदा चांगला आहे. पण ज्या वर्गात साठ मुलांमागे चार सॉकेट असतात, तिथे दुसऱ्या तासाला स्क्रीन काळी पडलेल्या मुलाने काय करावं? मशिन सव्वादोन किलोचं, वर चार्जरची वीट, आणि हे सगळं पुण्यात पीएमपीच्या गर्दीत पाठीवर.

दुकानात पुढे केल्या जाणाऱ्या हप्त्यांबद्दलही दोनच वाक्यं. ‘नो कॉस्ट’ हप्त्यात व्याजाएवढी सूट आधी दाखवतात, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि वरची प्रोसेसिंग फी आपल्याच खिशातून जाते. रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच शून्य टक्के व्याजाच्या योजनांवर बोट ठेवलं होतं, तेव्हा शेवटी एकूण किती भरणार तो आकडा कागदावर लिहून मागा.

खरेदी अजून झालेली नाही. कारण त्याच संध्याकाळी खोलीचा प्रश्न निघाला, आणि मला आता लॅपटॉपपेक्षा त्याचीच जास्त काळजी लागली आहे.

कर्वेनगरात एका काकूंकडे तिघांत एक खोली ठरली आहे. घर स्वच्छ, काकू प्रेमळ. गेमिंगचा लॅपटॉप म्हटल्यावर त्यांनी दोन अटी घातल्या. लाइट गेली की इन्व्हर्टरवर चार्जर लावायचा नाही, आणि लाइटबिलाचे महिना ५०० रुपये जादा. पहिली अट मला पटली. घरचा लहान इन्व्हर्टर पंख्या-दिव्यांसाठी असतो, आणि असे लॅपटॉप बॅटरीवर तसेही निम्म्या ताकदीने चालतात. लाइट गेल्यावर पोराने खेळू नये हेच बरं. दुसऱ्या अटीवर मी तिथेच ओट्याशी उभी राहून हिशेब मांडला.

खेळताना हे मशिन भिंतीतून साधारण १६० वॅट ओढतं. रोज दोन तास खेळला तर ०.३२ युनिट. अभ्यासाच्या कामाला ४० वॅट धरा. चार तासांचे ०.१६. दिवसाला अर्धा युनिटही नाही, महिन्याला पंधराच्या आत. युनिटला बारा रुपये धरले तरी १८० रुपये होतात. काकूंचा बाथरूममधला दोन हजार वॅटचा गीझर पंधरा मिनिटांत अर्धा युनिट घेतो, म्हणजे एका पोराची एक अंघोळ आणि त्याचा दिवसभराचा लॅपटॉप यांचा खर्च सारखाच. आणि ५०० रुपये महिन्याने वर्षाचे सहा हजार. त्यातल्या उरलेल्या पैशांत दुसऱ्या स्लॉटमधल्या पट्टीला चांगलाच हातभार लागतो, आणि रॅम महाग झाल्यापासून तर ती पट्टी म्हणजे घरात चर्चेचाच विषय झाला आहे.

काकूंनी शांतपणे ऐकलं आणि आतून बिल आणून दाखवलं. त्यांची बाजूही खरी निघाली. महावितरणचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिली १०० युनिट स्वस्त, पुढची महाग. मुलं राहायला आली की घर पहिल्या टप्प्यात राहत नाही, आणि वाढलेलं प्रत्येक युनिट वरच्या दराने पडतं. मागच्या वर्षीच्या मुलांनी खोलीत इंडक्शन शेगडी वापरली, तीही लपवून, आणि त्या बिलाची धास्ती काकूंच्या मनात अजून आहे. पेन्शनवर चालणाऱ्या घरात अशी धास्ती बसतेच. पण शेगडीचा भुर्दंड नव्या पोराच्या लॅपटॉपवर टाकणं बरोबर नाही, आणि पुण्यात अशा अंदाजपंचे रकमा किती मुलं मुकाट भरत असतील, या विचाराने मला रात्री झोप लागली नाही.

प्लगमध्ये बसणारे छोटे मीटर मिळतात, वापरलेली युनिट दाखवणारे. एक मी मागवला आहे. पहिला महिना तो भाच्याच्या सॉकेटला लावायचा, जो आकडा येईल तो वरच्या दराने काकूंना द्यायचा, असं ठरलं. काकूंनी एकच अट घातली. दुसऱ्या महिन्यात तो मीटर त्यांना गीझरला लावून हवा आहे.