दोन गोळ्यांची भीती

आधीच सांगतो, हे आमच्या घरच्या मंडळींसाठीही आहे. रागावलात तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाचा!

चांदवडच्या माझ्या मावशीला पीबीसी आहे. प्रायमरी बिलिअरी कोलँजायटिस. शरीराची संरक्षण यंत्रणाच यकृतातल्या बारीक पित्तनलिकांवर उलटते, पित्त तुंबतं आणि यकृत हळूहळू निबर होत जातं. २०१५ पर्यंत या आजाराच्या नावातच 'सिरॉसिस' होतं. रुग्ण बहुतांशी बायका, त्यामुळे जन्मात दारूला न शिवलेल्या बायकांकडे लोक संशयाने बघायचे. नाव बदललं, नजरा अजून बदलायच्या आहेत.

अंगभर खाज आणि थकवा. मावशीला आधी नेलं कुठे, तर कावीळ उतरवणाऱ्याकडे. हात धुतले, पाणी पिवळं झालं, सगळे खूश. अहो, आंब्याच्या सालीचा रस आणि चुन्याची निवळी एकत्र आली की पिवळा रंग येतोच! विषाणूची साधी कावीळ बहुतेक वेळा आपोआप जाते आणि श्रेय मंत्राला मिळतं. पीबीसी असा जात नाही.

पण माझा खरा राग शिकलेल्यांवर आहे. अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडचा डोस वजनावर ठरतो, किलोला रोज १३ ते १५ मिलिग्रॅम. ६० किलोच्या बाईला ७८० ते ९००. मावशीला कित्येक महिने ३०० ची एकच गोळी चालू होती! पुढे डोस पुरा झाला, वर्ष उलटलं, तरी अल्कलाइन फॉस्फटेज उतरेना. जवळपास ४० टक्के रुग्णांत असं होतं. नाशिकच्या डॉक्टरांनी जोडीला फायब्रेट सुचवलं आणि घरात एकच गोंधळ. "लिव्हर आधीच नाजूक, त्यात आणखी एक औषध?"

बीपीच्या दोन-दोन गोळ्या घेणारेच हे म्हणत होते, हे विशेष. दोन औषधं दोन वाटांनी काम करतात. अर्सो पित्त सौम्य आणि वाहतं ठेवतं, फायब्रेट पित्ताम्लांची निर्मितीच कमी करतं. २०१८ साली फ्रान्समधल्या १०० रुग्णांच्या चाचणीचे निकाल आले. दोन वर्षांनी अर्सोसोबत बेझाफायब्रेट घेणाऱ्यांपैकी ३१ टक्के रुग्णांचे रिपोर्ट पूर्ण नॉर्मल. नुसत्या अर्सोवर? शून्य.

प्रत्येक जोडी चांगलीच असते असं नाही. ओबेटिकोलिक ॲसिडला अमेरिकेत २०१६ साली मान्यता मिळाली आणि २०२५ मध्ये ते तिथल्या बाजारातून मागे घेतलं गेलं. फायब्रेटही यकृत फार बिघडलं असेल किंवा किडनी कमजोर असेल तर चालत नाही. पण हे रक्त तपासून ठरवायचं असतं, ओट्यावर बसून नव्हे. उलट २०२४ साली मान्यता मिळालेली एलाफिब्रानोर आणि सेलाडेलपार ही नवी औषधंही मुख्यतः अर्सोच्या जोडीनेच देतात.

असो. मावशीकडे जाल तेव्हा रेणुकामातेचा प्रसाद जरूर न्या. "ती दुसरी गोळी बंद कर" हा सल्ला मात्र घाटाच्या अलीकडेच सोडून या. आणि विचारायचंच असेल तर एवढं विचारा, "यंदा रिपोर्ट किती उतरला?"