संशय शेतकऱ्यावरच का?

पेण-रोह्याच्या डोंगरपट्ट्यात भात तयार होऊ लागले की रानडुकरांचे कळप शेतात शिरतात. पीकसंरक्षणाची परवानाधारक बंदूक मात्र निवडणूक जाहीर होताच पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. २०२४ ची विधानसभा निवडणूक तर ऐन कापणीत आली!

१८७८ च्या शस्त्र कायद्यामागे परकीय सत्तेचा प्रजेवरील अविश्वास होता. १९५९ चा कायदा स्वतंत्र भारताचा. संशय मात्र जुनाच. १९९३ साली याच जिल्ह्यात शेखाडीच्या किनाऱ्यावर शस्त्रे व स्फोटके उतरली, ती काही परवाना काढून नव्हे! त्या प्रकरणात कस्टम्स व पोलीस खात्यातीलच काही जण पुढे दोषी ठरले.

गुन्हेगाराची बंदूक जरूर काढून घ्यावी. इतरांची छाननी प्रकरणनिहाय व्हावी, आणि तीही कापणीपूर्वी.